एकास वीस मापाची होडी

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,
सप्रेम नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण घर दीड खोलीचं आणि आईंचे कान अजून विशीतल्या मुलीचे. मी फोनवर एक वाक्य बोलले की त्यांचे तीन प्रश्न तयार. शिवाय तुमच्याकडून काही मापं हवी आहेत, ती कागदावरच बरी.

गेल्या रविवारी ह्यांचं कपाट आवरायला काढलं. चौदा महिने हात लावला नव्हता. सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक होडी निघाली. अर्धवट, नुसतं कवच. चांगली दोन हात लांब. उचलून बघितली आणि ओळखली. तुमची दोघांची टगबोट! आत पेन्सिलीने लिहिलंय 'एकास वीस', आणि इंजिनखोलीच्या दारापाशी एक फुली मारून 'धाकटा इथे उभा'.

आमच्या कारखान्यामागच्या तळ्यावर रविवारी रिमोटच्या होड्यांची मंडळी जमतात. त्यातले सर्वांत वयस्क म्हणजे चित्रकलेचे रिटायर झालेले शिक्षक, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. त्यांना दाखवली. म्हणाले, "बाई, एक मोटर, एक पंखा, एक रिमोट. किरकोळ खर्च आहे."

भाऊजी, हा 'किरकोळ' शब्द फार मोठा आहे. मोटर घेतली, तर तिचा वेग सांभाळायला वेगळी डबी लागते म्हणे. डबीला बॅटरी. बॅटरीला तिचाच खास चार्जर. सुकाणू फिरवायला सर्व्हो नावाचं यंत्र, काडेपेटीएवढं आणि किंमत चपलांच्या जोडाएवढी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तरी हात मागे घेववत नाही. दिवसभर मी शाळेच्या गणवेशांची कापडं बेतते. अर्धं सूत चुकलं तर बाही वर चढते. इथेही तेच आहे, फक्त कापडाऐवजी लाकूड.

खरं कारणही लिहिते. चौकशीवाल्यांनी लिहिलं की कॅप्टनने, म्हणजे ह्यांनी, घाईने वळण घेतलं, ओढीचा दोर आडवा आला, हूक सोडायला उशीर झाला आणि टग कलंडून ह्यांना घेऊन बुडाली. त्या एका ओळीपायी पेन्शन अर्धं झालं, ते सोसलं. पण आई तेव्हापासून ह्यांचं नाव घेत नाहीत. "घाई नडली त्याला," एवढंच म्हणतात. ते सोसवत नाही. ह्यांनी सुरू केलेली एक तरी गोष्ट पुरी व्हावी, असं वाटतं.

हुकाची उंची, सुकाणूच्या खोलीची रुंदी, कठडा, धुराडं, जे आठवेल ते कळवा.

तुमची,
वहिनी


१५ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. नमस्कार.

पत्र डेकवरच उघडलं. दोनदा वाचलं. ते कवच बनवताना मी दादाच्या शेजारी होतो. आठवडाभर दोघांच्या अंगाला रेझिनचा वास येत होता, आणि तुम्हाला आम्ही सांगितलं होतं की बोटीला रंग लावतोय.

आता एक गुपित फोडतो. दादाने तुम्हाला सांगितलेल्या प्रत्येक किमतीला तीनने गुणा, म्हणजे खरी किंमत येईल. नवी मोटर आणली की तो ती जुन्या खोक्यात घालून घरी न्यायचा. "जुनीच आहे गं, पुसून घेतली," हे वाक्य त्याने माझ्यासमोर किमान सहा वेळा पाठ केलं असेल.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. हूक डेकपासून माझ्या छातीएवढा, सुकाणूची खोली सात पावलं रुंद, बाकी चित्रात बघा. चित्र वाकडं आहे, बोट सरळ होती.

थोडे पैसे पाठवलेत. नाही म्हणू नका. माझी कॅप्टनच्या लायसन्सची परीक्षा वीस जूनला आहे. दादा नेहमी म्हणायचा, खलाशी म्हणून म्हातारा होऊ नकोस. आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा


९ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचे पैसे आले, आणि आले तसे गेले. मोटर जळली. मी पंख्यात अडकलेलं शेवाळ न काढता बटण दाबून धरलं. मोटरीबरोबर वेगाची डबीही गेली, एकमेकींवाचून त्यांना करमेना. नवी मोटर मोठी, म्हणून बॅटरी मोठी, म्हणून चार्जरही पुन्हा नवा. एक दोरा ओढला की सगळी शिवण उसवत येते, तसं झालंय. आता मीही आईंना किमती सांगताना तीनने भागते.

परवा शेजाऱ्यांच्या पोरांचा फुगवायचा हौद मागून आणला आणि खोलीत पाणी भरून होडी तरंगवली. खाट उभी करून ठेवावी लागली. आई दारात उभ्या राहिल्या. "लोक समुद्रावर जातात. तू समुद्रालाच घरी आणलंस," म्हणाल्या. पण मग वाकून बघत राहिल्या. खूप वेळ.

होडी कागदाच्या नावेसारखी हलत होती. मास्तर म्हणाले, "वजन खोटं असलं तर होडी खोटं बोलते." सव्वाशे टनांची टग, एकास वीस माप, म्हणजे होडीचं वजन साडेपंधरा किलो भरायला हवं, आणि तेही जिथल्या तिथे. इंजिनच्या जागी शिसं, टाकीच्या जागी शिसं. शिसं किलोवर मिळतं, पण ते स्वस्त असेल असा माझा जो समज होता, तो आता नाही.

वजन बसल्यावर मात्र, भाऊजी, ती चालली कशी! तळ्यावर तेच वळण मी तिला पुन्हा पुन्हा घ्यायला लावलं. ह्यांची बोट अशीच वळायची ना?

मास्तरांच्या एका स्नेह्यांकडे माल वाहणारा मोठा बार्ज आहे, तोही त्याच मापाचा. त्याला दोर बांधून ते वळण घेऊन बघू, असं मास्तरांच्या मनात आहे. त्यासाठी एक माप राहिलंय. तुमच्या कागदावर इंजिनखोलीचं दारच नाही. ह्यांची फुली मधोमध आहे, त्यावरून बाजू कळत नाही. कुठल्या बाजूला होतं, आणि उंबरा केवढा?

वहिनी


२ एप्रिल

ती. वहिनी,
शि. सा. न.

उत्तराला उशीर झाला. दोन जहाजं एकदम आली, झोपायलाही वेळ नव्हता.

दार डावीकडे. उंबरा गुडघ्याएवढा.

लहान तोंडी मोठा घास घेतो, राग मानू नका. होडी तयार झाली, चालते, दादाचं राहिलेलं काम झालं. आता ती पाण्यावर फिरवा, बघणारे टाळ्या वाजवतील. दोर बांधून ओढून काय बघायचंय? खेळणं ते खेळणं. तळ्यात ना भरती असते ना वारा. त्यावरून खऱ्या बोटीचं काय कळणार?

आणि खर्चाचंही बघा. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या महाग झाल्यात असं तीच फोनवर म्हणाली. ह्या वेळचे पैसे त्यासाठी पाठवलेत, होडीसाठी नाही.

धाकटा


११ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस चिडलेलीच होते. आईंच्या गोळ्या एक दिवस चुकलेल्या नाहीत. होडीसाठी मी माझं ओव्हरलॉकचं मशीन विकलंय. माझं होतं, मी विकलं. घरी शिवणकाम घेत होते ते बंद झालं, हेही खरं. मास्तरांनी सांगितलं होतं की ह्या छंदात माणूस आधी खिसा बुडवतो आणि मग होडी. मी हसले होते.

पण आता जे लिहिते ते नीट वाचा.

आम्ही अकरा वेळा ते वळण घेतलं. बार्ज मागे, दोर आडवा, होडी आडवी ओढली जाते, डेकचा काठ पाण्याखाली जातो. अगदी रिपोर्टात लिहिलंय तसं. मग मास्तर रिमोटने हूक सोडतात. रिपोर्टातच आहे की हूक सोडलेला सापडला, म्हणजे ह्यांनी तो सोडला होता. आम्ही उशिरात उशिरा सोडून बघितला. आणि अकराच्या अकरा वेळा होडी सरळ झाली. झोपलेलं माणूस कूस बदलून उठतं तशी उठते ती. बुडतच नाही.

मास्तरांनी होडी काठाशी घेतली. मग म्हणाले, "बाई, आत पाणी गेल्याशिवाय ही जायची नाही." त्यांनी होडीच्या त्या छोट्या दाराला बोट लावलं. "हे उघडं ठेवून बघायचं का?"

मी नको म्हटलं. आधी विचारते म्हटलं. ह्यांच्या फुलीप्रमाणे त्या दारापाशी तुम्ही होता. दार बंद होतं ना?

वहिनी


१४ एप्रिल

ती. वहिनी,

दार बंद होतं. मी स्वतः लावलं होतं. चौकशीत तसं सांगून सही केली आहे.

तुमचं मशीन परत घेऊन देतो. कुणाला विकलं ते कळवा, जास्त पैसे मागितले तरी चालेल. आणि हात जोडून सांगतो, ती होडी कपाटात ठेवा. दादा परत येणार नाही. उगाच कोळसा उगाळू नका.

वीस जूनपर्यंत माझ्याकडून पत्र आलं नाही तर काळजी करू नका. अभ्यास आहे.

धाकटा


२८ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. ज्याने सख्खा भाऊ डोळ्यांदेखत गमावला, त्याला मी असला प्रश्न विचारला. माफी मागायला कागद घेतलाही होता. रविवारी होडी शेवटची फिरवायची आणि कपाटात ठेवायची, असं ठरवून तळ्यावर गेले.

तिथे तुमच्या टगचा इंजिनवाला आला होता, तुमच्यासारखाच त्या दिवशी वाचलेला. मास्तरांकडून कळलं म्हणे, की आपली टग तळ्यात पोहते. पायाने अजून लंगडतो. मी होडी त्याच्या हातात दिली. लहान मुलाला घेतात तशी घेतली त्याने, आणि मग दारापाशी बोट ठेवून म्हणाला, "वहिनी, मी इथून निघालो. खिट्ट्या लागलेल्या असत्या तर आज मी नसतो."

मी विचारलं, "दार तुम्ही उघडलंत?"

"छे हो. उघडंच होतं. आतून ते उघडायला वेळ कुठला! चाळीस मोजायच्या आत सगळं संपलं."

"चौकशीत सांगितलं नाहीत?"

"दारातून आलो म्हणून सांगितलं की. दवाखान्यात येऊन लिहून घेतलं त्यांनी. दार आधीच उघडं होतं का, हे काही कुणी विचारलं नाही. मला वाटलं, माहीत असेल."

त्याला बिचाऱ्याला कळलंही नाही की तो काय बोलला. मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं. मग मास्तरांना म्हटलं, दार उघडा.

वळण घेतलं. दोर आडवा आला. होडी कलली. हूक सोडला. ती उठायला लागली, भाऊजी, अर्धी उठलीही, आणि थांबली. मग हळूच मागून बसली आणि गेली. मी मोजत होते. नऊ. मास्तर म्हणाले, ह्या मापात होडीचे नऊ म्हणजे टगचे चाळीस.

मोटर, डबी, बॅटरी, सर्व्हो, रिसीव्हर, सगळं तळाशी गेलं. माझं ओव्हरलॉकचं मशीन गेलं म्हणा ना. मास्तरांनी गळ टाकून दोन तासांनी कवच वर काढलं. मी काठावर बसून होते, आणि खर्चाचा विचार एकदाही मनात आला नाही.

मी रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल, आणि खोटं आपल्या घरात पुरेसं झालंय. काय झालं ते लिहा. सगळं.

वहिनी


१० मे

वहिनी,

चार कागद फाडले. हा पाचवा.

त्या दाराला सहा खिट्ट्या होत्या. प्रत्येक हातोडीने ठोकून बसवायची. आमचा नियम होता, दोर ताणला की दार बंद. त्या दिवशी इंजिनखोलीत भट्टी पेटली होती. पंखा बंद पडला होता. इंजिनवाला खालून ओरडला, "जरा वारा येऊ दे रे, मरतो मी." मी म्हटलं, वळण झालं की लावू. दोन मिनिटांचा प्रश्न.

वरून दादाने कर्ण्यातून विचारलं, "दार लावलंस?"

मी म्हटलं, "लावलं."

एवढंच. माझ्या तोंडून तो शब्द निघाला आणि दादाने वळण घेतलं. त्याने घाई केली नाही, वहिनी. तो विचारून वळला.

मी पाण्यात फेकला गेलो. वर आलो तेव्हा बोट नव्हती. चौकशीत पहिला प्रश्न होता, दार बंद होतं का? आणि जीभ तेच म्हणाली जे आधी म्हणाली होती. मग सही झाली, आणि मग ते तसंच राहिलं. टग डाव्या कुशीवर गाळात रुतलेली; पाणबुड्यांना वरचा हूक दिसला, दार गाळाखाली. वर काढणं परवडत नाही म्हणून तिथेच सोडली. बघणार कोण?

रात्री मी स्वतःला एक गोष्ट सांगायचो. दार उघडं होतं म्हणून इंजिनवाला वाचला. बंद असतं तर तो गेला असता. म्हणजे एक गेला, एक वाचला. ह्याच काडीला धरून मी दीड वर्ष तरंगलो. तुमच्या त्या अकरा वेळांनी ती काडीही नेली. दार बंद असतं तर कुणीच गेलं नसतं.

पैसे मी का पाठवत होतो ते तुम्हाला कळलं असेल. तुम्ही काय करायचं ते करा. मी परीक्षेचा अर्ज फाडलेला नाही. फाडायचा धीर होत नाही, हेही लिहून टाकतो.

धाकटा


१९ मे

भाऊजी,

तुमचं पत्र मी कारखान्यात, कापडाच्या गठ्ठ्यांमागे उभी राहून वाचलं. मग संध्याकाळपर्यंत कापड कापलं. एकही तुकडा चुकला नाही, ह्याचं मलाच आश्चर्य वाटतं.

'विचारून वळला'. ते दोन शब्द मी कितीदा वाचले, सांगता येत नाही.

चौकशीच्या कचेरीत मी जाणार नाही. मास्तर येतो म्हणाले, इंजिनवाल्यालाही बोलावता येईल, होडीही दाखवता येईल. पण मी जाणार नाही. ज्या तोंडाने 'लावलं' म्हटलं त्याच तोंडाने 'नव्हतं लावलं' म्हणायचं आहे. ते काम दुसऱ्या कुणाचं नाही.

आईंनाही मी सांगणार नाही. रोज जेवताना त्या "घाई नडली" म्हणतात आणि मी पाणी वाढते. किती दिवस वाढू, ते तुम्ही ठरवा.

आणि पैसे पाठवू नका. ह्यापुढचे परत येतील.

वहिनी


३ जुलै

वहिनी,

वीस जूनला परीक्षेचं केंद्र नऊ वाजता उघडत होतं आणि कचेरी दहाला. मी केंद्राच्या फाटकापर्यंत गेलो. माझा नंबर कागदावर होता, तिसऱ्या खोलीत, खिडकीपाशी. तिथून निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते.

कचेरीतल्या साहेबांनी आधी मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, तिथल्याने तिसऱ्या. तिसऱ्यासमोर मी सांगून टाकलं. तो लिहायचा थांबला आणि म्हणाला, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?" मग पहिले साहेब परत आले. चार तास बसवलं. "आत्ताच का?" हे तीनदा विचारलं. मी म्हटलं, माझ्या वहिनीने होडी बुडवून बघितली. त्यांना वाटलं मी शुद्धीवर नाही. इंजिनवाल्याचा पत्ता दिला, मास्तरांचाही दिला, माफ करा.

फेरचौकशी उघडली आहे. मला कामावरून बाजूला केलंय. पुढे खटला होईल की नाही, कुणी सांगत नाही.

गुरुवारी घरी आलो होतो. तुम्ही कामावर आहात हे बघूनच आलो, तेवढा भेकडपणा अजून आहे. आईला समोर बसवून सांगितलं. तिने एकदाच विचारलं, "त्याने विचारलं होतं?" मी हो म्हटलं. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. मी जरा वेळ बसलो आणि निघालो.

ती कशी आहे, एवढंच कळवा.

धाकटा


१२ जुलै

भाऊजी,

गुरुवारी मी घरी आले तेव्हा दिवा लावलेला नव्हता. दोन कप तसेच भरलेले, वर साय धरलेली. आई खाटेवर होत्या. मी दिवा लावला. त्या दिवशी जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. शनिवारी सकाळी उठून त्यांनी ह्यांचा फोटो ट्रंकेतून काढला, पदर नव्हे, चक्क माझ्या कारखान्याचं नवं कापड घेऊन काच पुसली आणि मला खिळा ठोकायला लावला. मग ह्यांना नावाने हाक मारली. दीड वर्षाने. आणि फोटोला म्हणाल्या, "मी तुला फार बोलले रे." त्यानंतर जे रडल्या ते मी लिहीत नाही.

तुमच्याबद्दल आठवडाभर शब्द काढला नाही. काल भाजी निवडताना म्हणाल्या, "एक गेला. दुसऱ्यालाही मीच घालवू का? त्याला म्हणावं, रविवारी ये." तो त्यांचा निरोप आहे, माझा नाही. तो पोचवला.

माझं काय म्हणणं आहे, ते अजून मलाच कळलेलं नाही. काही दिवशी तुमची दया येते, काही दिवशी तुमचं अक्षर बघवत नाही. कचेरीत गेलात ते बरं केलंत. त्याहून जास्त आज लिहिता येत नाही.

मास्तरांना कचेरीचं बोलावणं आलंय. होडी चालती करून घेऊन या म्हणाले, म्हणून सगळं पुन्हा घ्यावं लागलं. मोटर उन्हात वाळवून चालली, रिसीव्हर मात्र नवाच. कारखान्यातून उचल घेतली. मास्तरांनी पुन्हा 'किरकोळ' म्हटलं तेव्हा मी त्यांच्याकडे असं बघितलं की बिचारे चष्मा पुसत बसले.

रविवारी मी तळ्यावर असते. घरी आई असतात. मी पाचला परत येते. तोवर निघून गेलात तरी चालेल. थांबलात तरी चालेल.

वहिनी